किती महिने पुरेल

बाबांना पलंगावरून उचलायला पट्टा हवा होता, म्हणून सर्जिकलच्या दुकानात गेलो. शेजारी एक जोडपं बाळाला छातीशी बांधायचं कॅरिअर बघत होतं. बायकोने तान्ह्या लेकीला त्यात बसवलं आणि तिच्या मांडीखालून बोट फिरवलं.

"काचणार नाही ना हिला?"

मीही पट्ट्याची कड चाचपत होतो. बाबांनाही आता बोलता येत नाही. काचलं तर तेही नुसते कण्हतील, आणि काय दुखतंय ते आपणच ओळखायचं.

"किती महिने पुरेल?" नवऱ्याने विचारलं.

"वर्षभर आरामात. मग चालायलाच लागेल की ती!" दुकानदार हसला आणि माझ्याकडे वळला. "तुमचं काय, काका?"

"हाच द्या," मी म्हणालो. किती महिने पुरेल, ते विचारलं नाही.