वांग्याच्या भरतासोबत लाल वाईन

आमच्या नांदुऱ्याच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलावर, म्हणजे दारूला शिवणार नाही म्हणताना, आमच्या ह्यांचा आवाज चढतो. पार रस्त्यापर्यंत ऐकू जातो.

सहा वर्षांपूर्वी, ह्याच घराच्या गृहप्रवेशाला, त्यांनी माझ्या धाकट्या भावाला भरल्या पंगतीतून उठवलं होतं. तोंडाला वास येत होता त्याच्या, खोटं कशाला बोलू? "माह्या घरात हे चालनार नाही. उठ!" भावानं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरत बसले. पुढे त्याचे फोन आले, तेही मी उचलले नाहीत. नवरा तत्त्वाचा माणूस, याचा मला भारी अभिमान होता.

गेल्या हिवाळ्यात मुलगा नाशिकहून आला. मी वांगी भाजत होते. त्यानं बॅगेतून लाल वाईनची बाटली काढून ओट्यावर ठेवली. म्हणाला, "आई, दोन जातींच्या द्राक्षांची मिसळून केलेली आहे. जेवणासोबत घोट घोट घेतात."

"बापाले दिसली तं तुहं काही खरं नाही," मी म्हटलं. तो हसला.

तेवढ्यात हे आत आलेच. ह्यांनी बाटली उचलली, लेबल वाचलं, काचेचा ग्लास घेतला. दोन बोटं वाईन ओतली, ग्लास गोल गोल फिरवला, नाक आत घालून वास घेतला आणि घोट तोंडात घोळवत राहिले. हात जराही अडखळला नाही.

"तुरट आहे जराशी. मांगच्या खेपेची बरी होती," ते मुलाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "याच्यासंगं ठेचा नको वाढू. तिखटानं चव मरते. भरीत चालते."

मांगच्या खेपेची!

"कवापासून?" मी विचारलं.

"अवो, हे काय दारू थोडीच आहे?"

मुलानं मान खाली घातली. "मी नाशिकला नोकरीला लागलो तेव्हापासून, आई." म्हणजे हे घर बांधायच्याही आधीपासून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे माझे मिटलेले होते. नवऱ्यानं फसवलं, पोटच्या पोरानंही फसवलं.

तिथंच उभ्या उभ्या भावाला फोन लावला. तो संग्रामपूरला असतो, तासाभराच्या रस्त्यावर. "जेवाले ये," म्हटलं.

तो म्हणाला, "भाऊजीले इचारलं का, बाई?"

"नाही इचारलं. तू ये."

"मी सोडली वो, बाई. चार वर्सं झाली. तुले सांगाले दोनदा तुह्या दारापर्यंत आलतो. आतून भाऊजीचं पंचशील आयकू येत होतं. वापस गेलो."

मला रडू फुटलं. ह्यांनी मला फसवलं खरं, पण भावाला दाराबाहेर ठेवणारी मीच होते.

भरीत झाल्यावर ह्यांच्यासाठी वाढलेलं ताट मी उचललं. त्यात ठेचा वाढला, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि भावासाठी बाजूला ठेवलं.

"मंग मी काय खाऊ?" ह्यांनी विचारलं. ग्लास अजून हातातच होता.