लॉर्नाची सही

लॉर्ना हौटालाबद्दल वेंडेलला खरं तर फारसं काही माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या डलूथ गावच्या त्या छोट्या कंपनीत दोघं अकरा वर्षं पाठीला पाठ लावून बसली. पण तिचं लग्न झालं होतं की नाही, हेही त्याने कधी विचारलं नाही. ती पूर्वी नर्स होती आणि तिच्या डब्यात रोज वाइल्ड राइसचं सूप असायचं, एवढंच त्याला ठाऊक.

कंपनी सलाइनमधून औषध सोडणारे पंप बनवायची. त्यांचं सॉफ्टवेअर वेंडेल लिहायचा आणि लॉर्ना ते तपासायची, म्हणजे पंपाला छळायची. हातमोजे घालून बटणं दाबायची, मध्येच प्लग उपटायची. तिच्या सहीशिवाय पंप दवाखान्यात जात नसे.

एप्रिलमध्ये ती कॅनडात, मॅनिटोबाला बहिणीकडे कायमची जाणार होती. त्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या चाचणीत नव्या पंपाने एकदा, अगदी एकदाच, नव्या पेशंटला आधीच्या पेशंटचा डोस दाखवला.

"पुन्हा करून दाखव," वेंडेल म्हणाला.

"होत नाहीये ना!"

"मग तुझंच बोट चुकलं असेल, बाई."

"चुकलंच असेल. बारा तास उभं राहिलेल्या नर्सचं चुकत नाही होय रे?"

शुक्रवारी पंप रवाना व्हायचे होते आणि ही सही करेना. साहेब दारातून दोनदा डोकावून गेले.

गुरुवारी लॉर्नाने वेंडेलला चाकांच्या खुर्चीत बसवलं. "तू पेशंट. चल एक्स-रेला." एका हाताने पंपाचा स्टँड, दुसऱ्याने खुर्ची, अशी ती त्याला कॉरिडॉरभर ढकलत राहिली. अख्खं ऑफिस खिदळत होतं. एकोणिसाव्या फेरीला प्लग काढता काढताच तिने 'नवा पेशंट' दाबलं, आणि पडद्यावर जुना डोस आला.

वेंडेलने कोड उघडला. नेमक्या त्या ओळीशेजारी त्यानेच कधीतरी लिहून ठेवलं होतं: 'इथवर कुणी कधीच येणार नाही.' त्याचे कान लाल झाले.

"आलो की आपण," मागून वाचत लॉर्ना म्हणाली. "खुर्चीत बसून!"

पंपांची रवानगी थांबली. लॉर्नाने आपलं जाणं दोन आठवडे पुढे ढकललं, दुरुस्तीनंतर त्याला आणखी शंभर फेऱ्या मारायला लावल्या, आणि मगच सही केली. खाली वेंडेलची सही हवी होती. त्याने तिचंच पेन घेतलं. सही झाली तरी तो ते हातात फिरवत राहिला.

"पेन दे इकडे. तुझ्या खिशात गेलं की गेलंच."

"देतो गं. टोपण कुठाय?"

"तुझ्या तोंडात."