यासीनभाईंनी न दिलेल्या गोळ्या

यासीनभाई गेल्याचं मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. जेवण चाललं होतं आणि त्यांच्या मुलीचा, रुबिनाचा फोन आला. "काका, अब्बा सकाळी गेले…" एवढंच ती म्हणाली. मी ताट तसंच ठेवून बाहेर पार्किंगपाशी जाऊन उभा राहिलो. सोबतच्यांनी विचारलं, तुमचे कोण होते? कुरुळीतले मेडिकलवाले, असं मी सांगितलं. मेडिकलवाल्यासाठी माणूस असा का रडतोय, हे काही त्यांना कळेना. आज दीड महिन्यानं ते लिहायला बसलोय.

बारा वर्षांपूर्वी मी लातूरकडून चाकणला आलो. जवळच कुरुळीत एका खोलीत आम्ही चौघं कामगार राहायचो. बायको, सुनीता, गावी माझ्या आईजवळ. वर्षातून दोनदा घरी जाणं व्हायचं. त्या काळात मी दोनदा दुसऱ्या बाईकडे गेलो. कारणं देत नाही. एकटे सगळेच होतो, सगळे काही गेले नाहीत. दुसरी वेळ दिवाळीच्या तोंडावरची. सुट्टीत गावी राहून परत आलो आणि लघवीला जळजळ सुरू झाली, मग पू दिसायला लागला. खोलीतल्या कुणाला सांगायची सोय नव्हती. मी यासीनभाईंच्या दुकानात गेलो आणि हळूच म्हणालो, उष्णतेवर गोळी द्या.

भाई मूळचे इथलेच, पन्नाशी ओलांडलेले, बोलणं अस्सल मावळी. चष्म्यावरून बघत म्हणाले, "उष्णता कंची? उन्हाची का दुसरी?" मी मान खाली घातली. त्यांनी मला आत, औषधांच्या खोक्यांच्या मागं नेलं. "बघ राव, तपासल्याबिगर गोळी मी देनार न्हाई. सरकारी दवाखान्यात याची येगळी खोली हाय. तिथं तुला कुनी हसनार न्हाई." दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर, झुबेदाभाभींवर सोपवून ते स्वतः मला स्कूटरवरून घेऊन गेले.

तपासण्या झाल्या. एचआयव्ही नव्हता; तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. जो आजार होता तो इंजेक्शन आणि गोळ्यांनी बरा होणारा होता. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बायकोलाही तपासायला हवं. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नको." परतताना मी भाईंना म्हणालो, तिच्यासाठी गोळ्या द्या, ताकदीच्या म्हणून गावी पाठवतो. त्यांनी स्कूटर कडेला घेतली. म्हणाले, "तिच्या अंगात काय जातंय ते तिला ठावं नको व्हय? एकदा फसवलंस. आता मला संगं घेऊन दुसऱ्यांदा फसवनार?"

संध्याकाळी मी सुनीताला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरीच. पंधरा दिवस झालं ओटीपोट दुखायलंय. मामी ओवा देऊ लागल्यात." माझ्या आईला ती मामी म्हणते.

ती आली, पण माझ्या ओळखीच्यांकडे थांबायला तयार नव्हती. आठ दिवस ती भाईंच्या घरी, झुबेदाभाभींजवळ राहिली. तिचा संसर्ग गर्भाशयाकडे पसरायला लागला होता. वेळेवर आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताकदीच्या गोळ्यांच्या नावाखाली भलतंच काही दिलं असतं तर… हा विचार आजही मी पुरा करत नाही. आठव्या दिवशी तिनं मला भाईंसमोर बसवलं. "भाई, तुम्ही साक्षीला. मी आता गावी राहणार नाही. तीन महिन्यांनी दोघांची परत तपासणी. आन् मी विचारलं की खरं सांगायचं. जमत नसेल तर मला माझी वाट ठाऊक हाय." भाई मला म्हणाले, "बोल की. जमंल का?" जमेल, मी म्हणालो.

आम्ही वेगळी खोली घेतली. तीन महिन्यांनी दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. निरोध आणायला सुरुवातीला मी जायचो, नंतर सुनीताच जायला लागली. भाई सगळ्यांनाच पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. एकदा ती म्हणाली, "भाई, बिस्किटाचा पुडा गुंडाळून देता का?" ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी ती पाकिटं खोकल्याच्या औषधाशेजारी, पुढच्या फळीवर आली. आमच्या मुलीचा जन्म आम्ही दोघांनी ठरवल्यावर झाला. ती आता तिसरीत आहे.

परवा आम्ही रुबिनाला भेटायला दुकानात गेलो. ती औषधशास्त्र शिकलेली, आता दुकान तीच बघते. तेवढ्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. नवरा बाहेरच घुटमळत होता. बाईनं सरळ विचारलं, "ताई, मला वर्षभर तरी मूल नको, काय घेऊ?" रुबिनानं आवाज खाली न आणता तिला समजावून सांगितलं, डॉक्टरचा पत्ता दिला, आणि बाहेर बघून म्हणाली, "दादा, तुम्हीपन या आत. दोघांचं काम हाय."

हा लेख सुनीतानं छापायला देण्याआधी वाचला. शेवटी मी लिहिलं होतं, तिनं मला माफ केलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे काढा. माफ केलं असं लिहायचं नाही. रोज बोलतो, एवढं लिहा."

रोज बोलतो.