गच्चीवरची म्हातारी

माझी शाळा चौथीतच सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि कोंबडीच्या पायासारखं अक्षर, दोन्हींची माफी. (ही वही कोणी वाचणार नाही, तरी मागून ठेवलेली बरी.)

आमच्या खालच्या मजल्यावरच्या लीबाईंकडे कोणीतरी वारलं होतं आणि त्या ते लपवत होत्या. मला पक्का संशय होता! त्यांचे यजमान चीनहून आलेले, इथे दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात ह्यांचे साहेब. ह्यांना नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्यांच्याच हातात. म्हणून माझं बारीक लक्ष होतं.

सकाळी लीबाई जिन्यात डोळे पुसत होत्या. दुपारी गच्चीवर टेबल मांडलं. उदबत्त्या, फळं आणि ताटात गोल गोल... पिंड! कॅलेंडर पाहिलं, तर भाद्रपद पौर्णिमा. पितृपक्षच लागला की!

"अहो, खाली श्राद्ध आहे."

"त्यांच्यात कसलं श्राद्ध? सण आहे. साहेबांनी सगळ्या बिल्डिंगला बोलावलंय."

"दुःख लपवणारे असंच सांगतात."

"तू यार, सीआयडीत हवी होतीस!"

"पांढरा शर्ट घाला."

मी पांढरी साडी नेसले. खीर केली, वडे तळले, कावळ्यासाठी वेगळं पान काढलं. संध्याकाळी गच्चीवर जाते तर लाल कंदील आणि हसणारी माणसं! (श्राद्धाला हसतात? नक्की इस्टेटीची भानगड.)

टेबलावर फळांच्या मधोमध एका म्हातारीचा फोटो. काय प्रसन्न चेहरा! चार माणसांत पाणीसुद्धा न मागणारी मी, हुंदका देऊन पुढे झाले आणि फोटोपुढे डोकं टेकलं. मग लीबाईंकडे वळून म्हटलं, "दीदी, रो लो, मन हलका होगा!"

तेवढ्यात फोटो हसला.

हसला आणि चिनीत काहीतरी ओरडला! मी किंचाळले, हातातलं पातेलं सुटलं आणि खीर थेट साहेबांच्या बुटात!

"अगं, व्हिडिओ कॉल आहे तो!" हे दातओठ खात म्हणाले. "लीबाईंची आई आहे. धडधाकट! आज त्यांच्यात सगळं घर एकत्र बसून चंद्र बघतं. आपली कोजागिरी समज!"

म्हणजे सकाळचं रडू आईच्या आठवणीचं, आणि पिंड म्हणजे मिठाई! ह्यांची नोकरी मी खिरीत बुडवली होती. हातात उरलं होतं फक्त कावळ्याचं पान. साहेब ओल्या बुटाने पचपच करत आले.

"दीदी, ये किसके लिए?"

मेलेल्यांसाठी, असं कसं सांगू? "चाँद के लिए," मी पुटपुटले, पान कठड्यावर ठेवलं आणि सवयीने तोंडातून गेलं, "काव, काव!"

साहेबांनी हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाले, "काव, काव."

पुढे हे नोकरीत कायम झाले. यंदाही गच्चीवर सण झाला. चंद्र वर येताच साहेब, लीबाई आणि सगळी बिल्डिंग कठड्याशी ओळीत उभी राहून त्याला "काव, काव" करत होती. फोनमधून म्हातारीसुद्धा! खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

आणि सुरुवात करायचा मान दरवर्षी माझाच!