टिचबटणाएवढा कॅमेरा

रेवदंड्याला माझ्या कुंपणापलीकडे रेहाना राहते. वय पंचावन्न. गावातल्या दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश तिने शिवले आणि उत्सवातल्या नाटकांसाठी मी सांगेन तसले अंगरखेही. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, कपडेपट मला कळतो. रेहानाचा टाका पहिल्या रांगेतूनही दिसायचा नाही.

तिचे यजमान नुरुद्दीनभाई सत्तावीस वर्षं मस्कतच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. दोन वर्षांतून एकदा यायचे. बाकीचा संसार आधी पत्रांवर, मग फोनवर आणि शेवटी त्यांनीच पाठवलेल्या टॅबवर झाला. रोज दुपारी तीनला ती टॅब शिलाई मशीनला टेकवून ठेवायची आणि बोलता बोलता काजं करायची.

मे महिन्यात टॅब मशीनवरून पडला. काच वाचली, पण पुढचा कॅमेरा गेला. नुरुद्दीनभाई तिला दिसायचे, त्यांना मात्र तिच्या जागी काळा चौकोन. दुरुस्त करून घे, तोंड तरी दिसू दे, असं ते रोज म्हणायचे. ती म्हणायची, तीस वर्षं बघताय तेच तोंड आहे. शाळा उघडायला आल्या होत्या, गणवेशांची घाई होती. शेवटी त्यांनीच ऑनलाइन कॅमेरा मागवून तिच्या पत्त्यावर पाठवला. तो पोचायच्या दोन दिवस आधी ते हॉटेलात काम करता करता कोसळले. दफन तिकडेच झालं.

रेहाना इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. कॅमेऱ्याचं पाकीट मशीनच्या खणात पडून राहिलं.

मी रोज जायची. ती रडली नाही. कोणी आलं की पाणी द्यायची, विचारलं तेवढं बोलायची. शेजारून आलेले डबे ती मागच्या दारी कोंबड्यांना घालायची. कोंबड्या गलेलठ्ठ झाल्या, रेहानाच्या बांगड्या काढलेल्या हाताची हाडं दिसू लागली.

तिची मुलगी जवेरिया शारजाला असते. आठवा महिना, विमानात बसायची मनाई. तीन वाजता आता तिचा फोन यायचा. ती विचारायची, जेवलीस का अम्मी? ही सांगायची, जेवले. दुसऱ्या कोणाच्या फोनसमोर रेहाना बसायला तयार नव्हती आणि माझा फोन बटणांचा. एके दिवशी त्यावर जवेरिया बोलली.

"आजी, अब्बांना दिसायचा तोच काळा चौकोन मला दिसतो. अम्मीचा आवाज बरा आहे म्हणून ती बरी आहे असं मानू का?"

बाजारातला विनेश टॅब दुरुस्त करतो. दोन दिवस ठेवून जा, म्हणाला. रेहानाने टॅब घराबाहेर जाऊ दिला नाही. नुरुद्दीनभाईंनी बोलून पाठवलेले निरोप त्यात होते. विनेशला घरी बोलावता येत नव्हतं. मग मला येतं ते मी केलं. त्याच्या दुकानात स्टुलावर बसून सगळी कृती त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली आणि भूमिका पाठ करावी तशी पाठ केली. बारीक पेचकस मागून आणला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेनंतर आम्ही बसलो. मी विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखी एकेक वाक्य पुरवत होते, ती करत होती. माझा केसांचा ड्रायर, एके काळी गंगावनं वाळवायला घेतलेला, त्याने टॅबच्या कडा गरम केल्या. फटीत घालायला तिने शर्टाच्या कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी काढली. मागचं झाकण सुटलं. आधी बॅटरीची जोडणी काढायची, मग कॅमेऱ्याची. नवा कॅमेरा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, त्याला चपटी पट्टी.

"हे टिचबटणासारखंच बसतं," ती म्हणाली आणि नखाने दाबलं. टच् झालं.

बॅटरी परत जोडली, झाकण नुसतं टेकवलं, टॅब सुरू केला. तीन वाजायला दहा मिनिटं होती. रेहाना माझ्याकडे न बघता बोलली.

"मावशी, स्टेजवर तुम्ही रडायचात ते कसं?"

मी ड्रायरची वायर गुंडाळू लागले.

"माझ्या तोंडावर काहीच येत न्हाय. पोरगी बघेल नि म्हणेल, अम्मीला काय झालंच न्हाय. थोडं शिकवा मला."

पाच मिनिटांत शिकवता आलं असतं. श्वास कुठे अडवायचा, दिव्याकडे किती वेळ बघायचं, हनुवटी कधी खाली न्यायची. या कलेवर मी टाळ्या घेतल्या आहेत. पण ती तिला देववेना.

"माझं रडणं शेवटच्या रांगेसाठी असायचं," मी म्हणाले. "इतक्या जवळून बघणाऱ्यापुढे ते टिकत नाही."

तिने मान हलवली. तेवढ्यात टॅब वाजला. जवेरिया दिसली.

"अम्मी, दिसतेयस, पण सगळं धूसर आहे."

विनेशचं एक वाक्य माझ्याकडून गळलं होतं. कॅमेऱ्यावर पातळ पापुद्रा असतो, तो काढून मग बसवायचा. उभ्या आयुष्यात वाक्य न गाळणारी मी. रेहानाने पाच मिनिटं मागून फोन बंद केला.

टॅब मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"असंच ठेवलं तर?" ती म्हणाली. "धुरकट दिसलं तरी दिसलं."

"तुझा टॅब आहे," मी म्हणाले.

तिने मशीनचं चाक बोटाने थोडं फिरवलं.

"त्यांना पण एवढंच पायजे होतं. मी काजं करीत बसले."

तिने टॅब बंद केला, झाकण काढलं, कॅमेरा सोडवला आणि सुईच्या टोकाने पापुद्रा उचलला. तो तिच्या बोटाला चिकटून राहिला, निळसर. सगळं परत बसवून मग तिनेच फोन लावला.

जवेरिया पडद्याजवळ आली. नुसती बघत राहिली. तिचाही चेहरा तसाच होता, धुतलेल्या पाटीसारखा. मग तिने विचारलं.

"जेवलीस?"

रेहानाने तोंड उघडलं. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं छोटं चित्र दिसत होतं. तिने ते पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली.

"ताट घेऊन ये. इथेच बस. मी बघते."

मी उठून त्या दिवशीचा डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं होतं. रेहाना खायला लागली. एकेक घास ती फार वेळ चावत होती, चव कळत नसावी. कोणी रडलं नाही. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बाजूला बसून होते.

अर्धी भाकरी संपली. मागच्या दारी कोंबड्या वाट बघत उभ्या होत्या.