समोरची फौज

मंजुषाच्या पार्लरमध्ये आलेल्या बाईला आधी खुर्ची दिसायची, मग आरसा, आणि मग आरशात मागच्या उघड्या दारातून आतल्या खोलीतलं टेबल. टेबलावर हिरवी चादर आणि चादरीवर बोटाच्या पेराएवढ्या माणसांची एक फौज. वाशीमजवळच्या मालेगावातल्या कितीतरी बायकांनी ती फौज भुवया करून घेताना, डोळ्यांत पाणी आलेलं असतानाच पाहिली होती. त्यामुळे तिच्याबद्दल काय काय बोललं जायचं त्याला धरबंध नव्हता. कोणी म्हणे विकायला करते. कोणी म्हणे पोरबाळ नाही, नवऱ्यानं सोडलं, आता बाई या वयात भावल्या खेळते.

मंजुषा कोणालाच काही सांगत बसायची नाही. सांगायची ती फक्त शेजारच्या वच्छलाकाकूंना, कारण त्या विचारल्याशिवाय राहत नसत.

"काय वो मंजू, वाढले का तुह्ये शिपाई?" महिन्याची मेंदी डोक्यावर थापून घेता घेता काकू म्हणायच्या.

"दोन तोफा झाल्या काकू."

"बरं झालं. गल्लीतले कुत्रे लय माजले."

लढाई कशी खेळतात तेही तिनं काकूंना एकदा समजावलं होतं. दोघांच्या दोन फौजा. पाळीपाळीनं चाल करायची, कपडे मापायच्या फितीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, मेलेला उचलून बाजूला ठेवायचा.

"आन् समोर कोण बसते?"

"संघू."

"तो पुण्याले, तू इथं. फीत लांब लागन वो."

संघू म्हणजे संघदीप, तिचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, संघदीपची बायको रेणू नोकरीसाठी परत गेली, आणि तो चार दिवस मागं राहिला. घरात दोघंच. बोलायला काही सुचेना तेव्हा त्यानं बॅगेतून दोन खोके काढले. पुण्यात रविवारी काही जण जमून हा खेळ खेळतात, त्यालाही नाद लागला होता. खोक्यांत राखाडी प्लास्टिकची माणसं होती, घोडे, हत्ती, तोफा ओढणारे बैल. अकोल्याच्या पलीकडे आडगावला दोनशे वर्षांपूर्वी भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली होती, ती आपण खेळू म्हणाला.

लहानपणी गच्चीवर दोघं काळ्या मातीचे शिपाई करायचे. खराट्याच्या काड्यांचे भाले. आई खालून ओरडायची, माह्या खराट्याचं वाटोळं केलं म्हणून. तेव्हापासून ठरलेलं होतं की ताई समोर बसणार आणि संघू हरला की रडणार.

त्या चार दिवसांत त्यांनी बिनरंगाच्या फौजांचा एक डाव खेळला. चहा निवून गेला. मंजुषा जिंकली. संघदीप अडतीस वर्षांचा घोडा, पण फासे फेकून म्हणाला, "तू मघाशी फीत ओढली!" आई गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा कोणी मोठ्यानं हसलं.

जाताना त्यानं भोसल्यांचं खोकं तिच्याकडं ठेवलं आणि इंग्रजांचं बॅगेत घातलं. "ज्याची फौज त्यानं रंगवायची. तसाच कायदा आहे, ताई. पुढच्या वेळी मी माझी रंगवून आणतो, मग पाह्य."

मंजुषानं कायदा मनावर घेतला. पार्लर बंद झालं की ती टेबलाशी बसायची. नखांवर नक्षी काढायचा सगळ्यात बारीक ब्रश कामी आला. काही चुका फक्त तिलाच करता आल्या असत्या. एका घोडेस्वाराची मिशी ओघळली म्हणून ती सवयीनं नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसायला गेली, तर त्याचं तोंडच विरघळलं. फेकवेना म्हणून तिनं त्याला मागच्या रांगेत ठेवलं. बैल मात्र फार झ्याक जमले. एकाला तिनं शेंदरी शिंगं दिली, एक बांडा केला. पायाखाली लावायला अंगणातली काळी माती चाळून घेतली.

सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्यांना लागायचा. आधी डोळे, मग कातडीचा रंग, मग मिशी, मग कपाळावर एखादा गंध, कोणाच्या गालावर व्रण. नवरीच्या तोंडाला तिला दीड तास पुरायचा. यांच्यातल्या एकेकाला एकेक संध्याकाळ.

"कोणाले दिसनार हाय वो ते तोंड?" काकूंनी विचारलं होतं. "मले तर चष्मा लावून बी ठिपका दिसते."

"समोर बसणाऱ्याले दिसते काकू."

पहिल्या दिवाळीला संघदीप आला तो रिकाम्या हातानं. अर्धी रंगवून झाली, अर्धीच कशी आणू, म्हणाला. दुसऱ्या दिवाळीला तो आलाच नाही, मुलगी झाली होती. फोन मात्र यायचा. आधी रविवारी, मग आठवलं की. फोनवर तो आता 'मला' म्हणायचा, 'मले' नाही. तिला काही खुपायचं नाही त्यात. पुण्यात माणूस तसंच बोलणार.

यंदा थंडीत तिची फौज पुरी झाली. शेवटचा झेंडेवाला वाळल्यावर तिनं सगळी रांग मांडून फोटो पाठवले. संघदीपनं हात जोडलेले आणि टाळ्यांची अशी ओळभर चित्रं पाठवली. मग फोन केला.

"ताई, कमाल केलीस तू. आता पुढं काय? किती फौजा करणार आहेस?"

"कितीच्या काय? एक माही, एक तुही."

"अगं, मी म्हणत होतो, माझी तुलाच पाठवून देऊ का? इथं जागाच नाही. बाळाची खोली केली ना आता. तुझा हात चांगला आहे. दोन्ही तूच रंगव. छान होईल सेट."

"रंगवलेले किती?"

"सुरुवातच नाही झाली गं. वेळच मिळत नाही."

मंजुषानं गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

आठ दिवसांनी खोकं आलं. पत्ता रेणूच्या अक्षरात, चिकटपट्टी भरपूर. मंजुषानं ते मेणाच्या डब्यांशेजारी खाली सरकवून दिलं आणि उघडलं नाही. एका फौजेचा अर्थ सरळ होता: दुसरी कोणीतरी घेऊन येणार आहे. यायला उशीर होईल, अर्धी आणेल, बिनरंगाची आणेल, पण येईल. शत्रूही आपल्याच हातानं रंगवायला घेतला, की मग कोणाची वाट पाहायची राहिली?

वच्छलाकाकूंच्या नजरेतून खोकं सुटणं शक्यच नव्हतं.

"पार्सल आनलं अन् तसंच ठेवलं? काय हाय त्याच्यात?"

"इंग्रज."

"मंग काढ न बाहेर. गुदमरून मरतीन. आन् एक सांग, त्या आडगावले जिंकलं कोन होतं?"

"इंग्रजच."

"अन् तू हारलेल्याची फौज घेऊन बसली तीन वर्स?"

"टेबलावर हारायलाच पाह्यजे असं नाई काकू."

"आता दोन्हीकून तूच खेळशीन तं जिंकशीन बी तूच अन् हारशीन बी तूच." काकूंनी मेंदीचा ओघळ कपाळावरून पुसला. "बरं हाय तुह्यं. आमच्या घरी मीच हारते रोज."

मंजुषा हसली नाही. काकूंनी आरशात तिच्याकडं पाहिलं आणि मग मेंदी वाळली का, एवढंच विचारलं.

मार्चात जवळच्या रिठदला चुलतभावाचं लग्न निघालं. संघदीपचा निरोप आला: कारनं येतोय, रेणूला सुट्टी नाही, लग्न लावून दुपारी तुझ्याकडं येतो, रात्री परत निघायचं आहे. मंजुषानं त्या लग्नाची नवरी सोडून बाकी कोणाची कामं त्या दिवशी घेतली नाहीत. रिठदला ती सकाळीच नवरीचं करून आली. जेवायलाही थांबली नाही. घरी येऊन टेबल भिंतीपासून ओढलं, म्हणजे दोन्हीकडून बसता येईल. समोर आईची खुर्ची ठेवली. फासे, फीत. खोकं टेबलाखाली आणून ठेवलं, चिकटपट्टीसकट. रंग नसले म्हणून काय झालं, पहिला डाव तरी कुठं रंगांचा होता.

संघदीप आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पोट सुटलं होतं, कानावरचे केस पांढरे. त्यानं दारातूनच टेबल पाहिलं.

"बापरे ताई! फोटोत एवढं कळत नाही."

तो आत आला तो तिच्या खुर्चीच्या बाजूनं. वाकून पाहायला लागला. त्या बाजूनं फौजेची पाठ दिसत होती: पागोट्यांची, ढालींची, बैलांच्या शेपट्यांची. मागच्या रांगेतला घोडेस्वार त्यानं उचलला.

"याला तोंड नाही."

"रिमूव्हर लागलं त्याले."

"शहीद झाला बिचारा." त्यानं तो जपून परत ठेवला, होता तसाच, पलीकडं तोंड करून. मग फोन काढला, झेंड्यांच्या मागून दोन-तीन फोटो घेतले. "रेणूला दाखवतो. ग्रुपवर पण टाकतो."

"बस न समोर," मंजुषा म्हणाली. "एक डाव होऊन जाऊ दे. छोटाच."

तो आईच्या खुर्चीकडं जायला वळला. त्याच वेळी फोन वाजला. रेणू होती. पोरगी तापली होती, फार नाही, पण रडत होती, पप्पा म्हणत होती. तो बोलत बोलत पार्लरच्या दारात गेला, तिथून रस्त्यावर. परत आला तेव्हा किल्ली हातात होती.

"निघतो ताई. संभाजीनगरच्या अलीकडं अंधार होतो. आणि खरं सांगू का," तो ओशाळला, "मला नियमही आठवत नाहीत आता. दोन वर्षं झाली त्या रविवारच्या खेळाला गेलोच नाही. तू मला हरवलं असतंस बसल्या बसल्या."

"तसं बी हरवलंच असतं."

"ते खोकं उघडलंही नाहीस?"

"वेळ नाई मिळाला."

तो हसला. त्याला ते पटलं. तिनं पोरीसाठी तिळाचे लाडू बांधून दिले. पायरीवर तो थांबला. "तू चल ना पुण्याला. आठ दिवस राहा."

"लगीनसराई हाय."

"हो. तेही आहेच."

गाडी संभाजीनगरच्या रस्त्याला लागेपर्यंत ती उभी राहिली. मग आत आली. चहाच्या बशा उचलल्या, लाडवाचे कण पुसले. आईची खुर्ची जागेवर न्यायला म्हणून ती टेबलाच्या पलीकडं गेली आणि उचलायच्या आधी जरा टेकली. सकाळपासून ती बसलीच नव्हती.

या बाजूनं तिनं फौज कधी पाहिलीच नव्हती. एकेकाला हातात धरून रंगवलं होतं, रांगेत लावलं ते आपल्या खुर्चीत बसून. आता सगळे एकदम तिच्याकडं पाहत होते. गंध लावलेला, व्रण असलेला, तो म्हातारा गोलंदाज ज्याचे डोळे कळत नकळत बाबांसारखे झाले होते. शेंदरी शिंगांचा बैल. तीन वर्षांच्या संध्याकाळी, सगळ्या तोंडं वर करून. आणि पलीकडं तिची स्वतःची खुर्ची रिकामी दिसत होती. त्या खुर्चीतून तिला इतके दिवस फक्त पाठी दिसत होत्या.

संघू एक पाऊल जरी या बाजूला आला असता तर त्याला दिसले असते. तो आला नाही. रागही धड येईना त्याचा. पोरगी तापली होती.

तिनं टेबलाखालून खोकं ओढलं. पार्लरातून कात्री आणली आणि चिकटपट्टी कापली. राखाडी इंग्रज वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, एकाचीही संगीन वाकलेली नव्हती. रेणूनं नीट भरलं होतं हो.

खिडकीतून काकूंचा आवाज आला. "गेला का वो भाऊ?"

"गेला काकू."

"खेळला?"

"नाई. पोरगी आजारी हाय त्याची."

"मंग आता?"

"दोन करीन."

"दोन काय?"

"फौजा."

खिडकीत काकूंनी काहीतरी म्हटलं, बहुतेक कुत्र्यांविषयी, आणि त्या गेल्या. मंजुषा आपल्या खुर्चीत येऊन बसली. दिवा जवळ ओढला, एक इंग्रज चिमटीत धरला. कोट लाल करायचे होते, पट्टे पांढरे, टोप्या काळ्या, पण ते सगळं नंतर. या खुर्चीतून रोज दिसणार होते ते यांचे चेहरे. तिनं सगळ्यात बारीक ब्रश ओला केला आणि डोळ्यांपासून सुरुवात केली.