मुठीतलं गवत

सिनेमा बघताना गवताकडे कुणी बघत नाही. सिंह बघतात, सिंहामागचा सूर्यास्त बघतात, आणि सिंह ज्यात दबा धरून बसलाय ते गवत आपोआप उगवलं असं धरून चालतात. मला याचा संताप येतो. नैरोबीतल्या आमच्या स्टुडिओत संगणकावरच्या दृश्यांना उजेड द्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि माझ्या शेजारी सिलांतोई बसते. ती गवत करते. आल्यापासून फक्त गवत.

तिला खुर्ची चालत नाही. काजिआडोहून, घरून आणलेली लाकडी तिपाई आहे, तिच्यावर ती दिवसभर ताठ बसते. पाठ टेकली की माणूस खोटं काम करायला लागतो, असं तिचं म्हणणं. तिच्या तोंडी लागायला आमच्यातलं कुणी धजत नाही. बाकीचे लोक डोक्यावर केस लावावेत तसं हिरवं कुरण लावतात आणि विंचरून मोकळे होतात. ही आधी गेल्या वर्षीचं मेलेलं गवत करते, मग त्यातून नवं वर काढते. काटेरी झुडपाच्या बुंध्याशी उंच ठेवते, कारण तिथे गाय तोंड घालत नाही. उघड्यावरचं खुरटं, चावलेलं, मध्येच तुडवलेलं. "ज्यावर गाय फिरली नाही तो गालिचा," असं ती येईल त्याला ऐकवते. एकदा माझा सकाळचा उजेड बघून म्हणाली, "आकिनी, पातं म्हणजे काय पत्रा आहे? उजेड त्याच्यावर पडतो तसा त्याच्यातून येतो पण." दोन दिवसांची मेहनत पुन्हा करावी लागली. चांगली झाली, म्हणून आणखीच राग आला.

मग तो परदेशी सिनेमा आमच्याकडे आला. गोष्ट तिच्याच लोकांची, गुरं राखणाऱ्या मासाईंची. शेवटी एक तरुण आपल्या भावाच्या मृत्यूचा सूड घ्यायला सोटा उगारून एका म्हाताऱ्यावर धावतो. म्हातारा पळत नाही. वाकतो, मूठभर गवत उपटतो आणि पुढे धरतो. तरुणाचा हात खाली येतो. बस, एवढंच. पण त्या एवढ्यासाठी सिलांतोईने ते काम घेतलं होतं.

का, ते तिने आम्हाला चहाबरोबर मंदाझी, आमचे तळलेले गोड पाव, खाताना सांगितलं. लहानपणी वासरं राखताना तिचा डोळा लागला आणि वासरं दुसऱ्याच्या मक्यात शिरली. बापाने काठी उगारली. ती खाली पडली आणि हाताला लागलं ते गवत उपटून तिने वर धरलं. बाप रागाने थरथरत होता, पण काठी हवेतच थांबली. गवत समोर धरल्यावर हात उचलायचा नाही, हा तिच्याकडचा नियम. गाय गवतावर जगते, माणूस गाईवर. त्याच्या पुढे कोण जाणार. पुढे कितीतरी दिवस ती म्हाताऱ्याच्या पायाजवळचा तो एक झुपका घडवत होती. उपटल्यावर कुठली काडी तुटेल, कुठली मुळासकट येईल, माती कशी गळेल, सगळं.

आणि एका दुपारी मुगांबी आला. मुगांबी आमचा मालक. एके काळी तो आणि सिलांतोई एकाच बाकावर बसून काम शिकले, म्हणून त्यांच्यात अरेतुरे चालतं. तो उभ्या उभ्याच म्हणाला की गवत उपटायचं रद्द झालंय.

"म्हातारा नुसते हात वर करील. तिकडच्यांनीच सुचवलंय. हात वर केले की जगात कुणालाही कळतं."

"हात वर चोर करतो," सिलांतोई म्हणाली. "पोलिसापुढे."

"अगं, मशिनं गुदमरतायत. बोटांत एकेक पातं वाकवायचं, वर ती माती. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारं काम आहे ते. आणि गवत तर आहेच की मागे. हवं तेवढं हलव वाऱ्यावर."

या शेवटच्या वाक्याने घात केला. मागे हलायला. म्हणजे इतकी वर्षं या बाईने जे केलं ते पडद्यामागचं सामान. माझंच डोकं फिरलं, तर तिचं काय झालं असेल. ती उठली, तिपाई दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि टेबलाखालच्या मशिनकडे वळली. सगळं कुरण त्यात होतं. त्या झुपक्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण अर्धवट काम ती कुणाला देत नसे.

"माझं गवत आहे. मीच मोडते," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

मुगांबी दाराकडे धावला. मला वाटलं पळाला. पण काचेच्या दाराबाहेर पाहुण्यांसाठी हिरवळ अंथरलेली आहे, तिचा कोपरा त्याने दोन्ही हातांनी ओरबाडला, आत आला आणि मूठ तिच्यासमोर धरली.

तिपाई हवेत थांबली.

सिलांतोईची नजर त्याच्या मुठीवर होती. मग तिला बोटांमधून लोंबणारा काळा रबर दिसला. ती हिरवळ प्लास्टिकची आहे, हे रोज तिच्यावरून चालणाऱ्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घाईत मुगांबीच विसरला होता. मला हसू येत होतं आणि त्याच्या कानाखाली आवाज काढावासाही वाटत होता. ज्याला सिनेमात गवत परवडत नाही, तो स्वतःवर आल्यावर बरोबर गवतच शोधत गेला.

तिने तिपाई हळूच खाली ठेवली.

"हे प्लास्टिक आहे," ती म्हणाली.

"हाताला हेच लागलं." मुगांबीला धाप लागली होती.

"आणि तरी मी थांबले." तिने त्याच्या मुठीतली एक हिरवी पट्टी ओढून काढली, उजेडात धरली, टाकून दिली. "मुगांबी, खरं सांग. तू नुसते हात वर करून उभा राहिला असतास, तर मी थांबले असते?"

तो मुठीत ते घेऊनच दाराकडे वळला. मग जाताना म्हणाला की तिकडच्यांशी तो बोलेल, म्हातारा गवत उपटेल, मशिनं रात्रभर चालवू. माफी मागितली नाही. ती त्याला कधीच जमलेली नाही.

सिलांतोई त्याच तिपाईवर बसली आणि म्हाताऱ्याची बोटं झुपक्यात घालायला लागली. तिचा जबडा अजून आवळलेला होता. मी विचारलं, गवत पुढे केलं की राग जातो म्हणालीस, मग हे काय?

"जातो असं कधी म्हटलं मी?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "नियम हात खाली घ्यायचा आहे. राग माझा आहे."